नोकरीत पाय गेला, साहेब स्वेच्छानिवृत्ती मागतात: काय करावं?

एका ताईंचं मोठं पत्र आलं आहे. त्यांचे यजमान एका नगरपरिषदेत १९ वर्षं चालक आहेत, आधी घंटागाडीवर आणि नंतर पाण्याच्या टँकरवर. मधुमेहात जखम चिघळली आणि डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. सहा महिने रजेत गेले. आता आस्थापना विभागातून निरोप आलाय, ‘तुम्ही अनफिट आहात, स्वेच्छानिवृत्ती लिहून द्या, मुलाला लावून घेऊ.’ यजमानांनी घाबरून एका अर्जावर सही करून दिली. त्याच घरातली मुलगी दहावीला आहे. तिला डिस्ग्राफिया आहे, म्हणजे डोक्यातलं हाताने कागदावर उतरत नाही. शाळा म्हणते, ‘४० टक्क्यांचं सर्टिफिकेट आणा, नाहीतर बोर्डाची सवलत नाही.’ ताईंनी विचारलंय, यात काही करता येईल का, की नशीब म्हणून गप्प बसायचं?

ताई, करता येईल. पण आधी त्या सहीचं बघू, कारण तिथे दिवस मोजून काम करायचं आहे.

अर्जावर सही झाली म्हणजे नोकरी गेली असं नाही. स्वेच्छानिवृत्तीचा किंवा राजीनाम्याचा अर्ज अमलात येण्याआधी साधारणपणे मागे घेता येतो. म्हणून उद्याच, परवा नाही, मुख्याधिकाऱ्यांच्या नावे दोन ओळींचं पत्र द्या: ‘अमुक तारखेला दिलेला स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज मी मागे घेत आहे. तो मी माझ्या कायदेशीर हक्कांची माहिती नसताना दिला होता. मी कामावर हजर होण्यास तयार आहे.’ आवक विभागात द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, आवक क्रमांक, तारीख घ्या. कारकून पोच देत नसेल तर तिथे वाद घालत बसू नका. पोस्टात जा, स्पीड पोस्टाने पाठवा, शिवाय नगरपरिषदेच्या ई-मेलवर फोटो काढून टाका. पावती जपून ठेवा. पुढे जे काही होईल ते या पावतीवर उभं राहणार आहे.

आणि अर्ज मंजूर होऊन आदेश निघाला असेल तरीसुद्धा हातपाय गाळायचं कारण नाही. पंजाब राज्य वीज मंडळातल्या एका साहाय्यक लाइनमनची गोष्ट सांगते. भगवान दास हे त्यांचं नाव, निकालपत्रातच आहे. नोकरीत असताना त्यांची दृष्टी पूर्ण गेली. त्यांनी स्वतःच मंडळाला लिहून दिलं, मला निवृत्त करा आणि माझ्या जागी बायकोला काहीतरी काम द्या. मंडळाने निवृत्त केलं, बायकोला काम दिलं नाही. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की या माणसाला आपला हक्क माहीत नव्हता, तो सांगणं हे वरिष्ठांचं काम होतं. ते न सांगता त्याच्या अर्जाचा आडोसा घेणं चालणार नाही. त्यांना नोकरीत धरलं गेलं. तुमची कहाणी आणि ही कहाणी यात फरक जवळजवळ नाहीच. त्यांनी बायकोसाठी मागितलं, तुम्हाला मुलासाठी आमिष दाखवलं.

त्या आमिषाबद्दल थोडं स्पष्ट बोलते. अनुकंपा ही सेवेत असताना कर्मचारी वारला तर त्याच्या कुटुंबासाठीची योजना आहे, आणि तिच्यातसुद्धा प्रतीक्षायादी असते. जिवंत माणसाने निवृत्ती घेतली आणि त्या बदल्यात मुलगा लागला, असा हिशेब तिच्यात बसत नाही. लोक गोंधळतात ते लाड-पागे समितीमुळे. सफाई कामगारांच्या वारसांना त्या शिफारशींनुसार नोकरी मिळते, हे नगरपरिषदेत सगळ्यांनी पाहिलेलं असतं. पण ती तरतूद सफाई कामगारांची. टँकरच्या चालकाला ती आपोआप लागू होत नाही. ‘लावून घेऊ’ म्हणणाऱ्या साहेबांना एवढंच म्हणा, हे लेखी द्या. गेल्या पंचवीस वर्षांत असं लेखी दिलेलं मी एकदाही पाहिलेलं नाही.

आता मूळ कायदा. १९९५ चा जुना कायदा गेला आणि दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ आला. तो १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. (दिव्यांग म्हणायचं की अपंग, यावर तासभर भांडणारे लोक मला माहीत आहेत. घरात काय वाटेल ते म्हणा, अर्जात मात्र ‘दिव्यांग’ लिहा, कारण कायद्याच्या मराठी नावात तोच शब्द आहे.) या कायद्याचं कलम २० हे तुमच्या यजमानांचं कलम. त्यातलं पोटकलम ४ असं सांगतं की सरकारी आस्थापनेला, नोकरीत असताना दिव्यांगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला कामावरून काढता येणार नाही आणि खालच्या पदावरही ढकलता येणार नाही. तो पूर्वीचं काम करू शकत नसेल तर त्याला त्याच वेतनश्रेणीत आणि सेवेच्या त्याच लाभांसह दुसऱ्या पदावर न्यायचं. असं पद रिकामं नसेल तर योग्य पद मिळेपर्यंत किंवा निवृत्तीच्या वयापर्यंत, जे आधी येईल तोवर, त्याच्यासाठी अधिसंख्य पद, म्हणजे मंजूर पदांच्या वरचं, त्या माणसापुरतं जादा पद धरायचं. ‘आमच्याकडे जागा नाही’ हे उत्तर कायद्याने आधीच ऐकून घेतलंय आणि त्याची सोयही करून ठेवली आहे.

अधिसंख्य पद म्हटलं की महाराष्ट्रातल्या कर्मचाऱ्याच्या पोटात गोळा येतो. २०१९ मध्ये जातवैधता नसलेल्यांना अशा पदांवर टाकलं गेलं, तेव्हापासून हा शब्द शिक्षेसारखा वाटतो. इथे तसं नाही. इथे ते तुमच्या यजमानांचं संरक्षण आहे, पगार आणि श्रेणी जशीच्या तशी राहते.

‘पण अपघात ड्युटीवर झाला नाही, मधुमेहाने पाय गेला’ असं तुम्हाला ऐकवतील. कायद्यातले शब्द ‘सेवेच्या काळात’ असे आहेत, ‘ड्युटीवर’ असे नाहीत. घरी जिन्यावरून पडा, मोतीबिंदूचं ऑपरेशन बिघडू दे, पक्षाघात होऊ दे, नोकरीत असताना झालं एवढं पुरेसं आहे. ‘ही सरकारी आस्थापना नाही, स्वायत्त संस्था आहे’ हेसुद्धा ऐकाल. कायद्याच्या व्याख्येत स्थानिक प्राधिकरण सरळ घातलेलं आहे. नगरपरिषद, महापालिका, जिल्हा परिषद, महामंडळं, सरकारी कंपन्या सगळ्या आत येतात. सूट दिलेली मंडळी थोडी आहेत, उदाहरणार्थ निमलष्करी दलांतले लढाऊ कर्मचारी. टँकर चालवणं हे त्यात येत नाही.

तिसरं वाक्य असं येतं, ‘त्यांना इन्व्हॅलिड पेन्शन देऊ की’, म्हणजे प्रकृतीमुळे अपात्र ठरल्यावर मिळणारं निवृत्तिवेतन. २००३ चा, जुन्या कायद्याखालचा, कुणाल सिंग यांचा सर्वोच्च न्यायालयातला निकाल याच मुद्द्यावर आहे. केंद्राच्या एका सुरक्षा दलातले शिपाई, डाव्या पायाला दुखापत, गँगरीन, पाय काढला; दलाने पेन्शन देऊन घरी बसवलं. न्यायालयाने सांगितलं की पेन्शन दिली म्हणून नोकरीचं संरक्षण संपत नाही. आणि अलीकडचा एक निकाल ऑगस्ट २०२५ चा आहे, तेलंगणा राज्य परिवहन महामंडळाच्या एका चालकाचा. रंगांधळेपणामुळे त्याला चालक म्हणून अपात्र ठरवलं आणि दुसरं काम नाही म्हणून घरी पाठवलं. सर्वोच्च न्यायालयाने त्याला त्याच वेतनश्रेणीत योग्य पद द्यायला लावलं, वर मधल्या काळातल्या थकबाकीचे २५ टक्के. लक्षात घ्या, रंगांधळेपणा कायद्याच्या २१ दिव्यांगत्वांच्या यादीत नावानेसुद्धा नाही. तुमच्या यजमानांचा तर पाय गेला आहे.

थकबाकी पूर्ण मिळाली नाही, हेही बघा. माणूस वर्षानुवर्षं घरी बसतो, मग जिंकतो, तेव्हा मधले पगार बहुधा तुटकेच हाती येतात. म्हणून आदेश निघण्याआधी हालचाल करायची.

आता कागदांचं. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण माझ्याकडे येणारी निम्मी प्रकरणं कायद्यावर नाही, कागदावर बिघडलेली असतात.

पहिला कागद मेडिकल बोर्डाचा. सर्टिफिकेटवर नुसतं ‘अनफिट’ असेल तर ते परत घेऊन जा. डॉक्टरांना नम्रपणे विचारा की कशासाठी अनफिट? त्यांनी ‘चालक या पदासाठी अपात्र, बैठ्या कामासाठी पात्र’ असं लिहायला हवं. हे अर्धं वाक्य नसल्यामुळे मी लोकांची दोन-दोन वर्षं वाया गेलेली पाहिली आहेत. डॉक्टरांचा यात दुष्टपणा नसतो, फॉर्मवर दोनच चौकोन असतात आणि ते एकावर खूण करतात.

दुसरा कागद दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं देशभर चालणारं ओळखपत्र. गुडघ्याखालचा पाय काढलेला असताना ४० टक्क्यांचा प्रश्न येत नाही, ते सहज वर भरतं. २०२४ मध्ये एका परिविक्षाधीन अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रावरून राज्यात गाजावाजा झाला. तेव्हापासून कार्यालयं प्रत्येक प्रमाणपत्राकडे संशयाने बघतात आणि फेरतपासणीला पाठवतात. राग येईल, पण जा. खोट्या प्रमाणपत्रांचा भुर्दंड खऱ्या माणसांना पडतो आहे हे उघड दिसतं, मात्र फेरतपासणी नाकारली तर त्याचाच मुद्दा बनवतात.

तिसरा, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा, पर्यायी कामाची लेखी मागणी. ‘मला काहीतरी काम द्या’ असं मोघम लिहू नका. नगरपरिषदेत कुठे कुठे बसून काम होतं ते तुमच्या यजमानांना १९ वर्षांत पाठ झालं असेल. जन्म-मृत्यू नोंदणीची खिडकी, घरपट्टी-पाणीपट्टीचा काउंटर, भांडार, वाहन विभागातली लॉगबुकं आणि डिझेलचा हिशेब. शेवटचं काम तर त्यांच्याइतकं कोणाला कळणार? टँकर किती लिटर खातो आणि लॉगबुकात किती लिहिला जातो, हे ज्याला माहीत आहे असा माणूस त्या टेबलावर बसलेला काहींना नको असतो, ही वेगळी गोष्ट. ही पदं नावानिशी लिहा. सोबत माहिती अधिकारात रिक्त पदांची यादी मागवा. जागा नाही म्हणणाऱ्या कार्यालयाच्याच शिक्क्याने जागा असल्याचं उत्तर येतं, असं मी बऱ्याचदा पाहिलंय.

त्याच अर्जात सोयींचंही लिहा: तळमजल्यावर टेबल, कमोडचं शौचालय, कृत्रिम पायाच्या फिटिंगसाठी मोकळीक. कायद्यात याला नाव आहे, वाजवी सोय. फार खर्चिक किंवा अवाजवी ओझं होणार नाही अशी, त्या माणसाच्या गरजेप्रमाणे केलेली तडजोड. अशी सोय नाकारणं हाच भेदभाव, असं कायद्याच्या व्याख्येत लिहिलेलं आहे. म्हणजे कोणी शिवी द्यायला हवी, हाकलायला हवं असं नाही. पहिल्या मजल्यावर टेबल देऊन ‘या रोज चढून’ म्हणणंसुद्धा त्यात येतं.

आणि तोपर्यंत कामावर जाणं बंद करू नका. रजा संपली असेल तर हजर व्हायला जा आणि हजर करून घेतलं नाही तर तसं त्याच दिवशी लेखी कळवा. नाहीतर सहा महिन्यांनी ‘अनधिकृत गैरहजेरी’ची नोटीस हातात पडते आणि पायाचा विषय बाजूला राहतो.

दाद कुठे मागायची? प्रत्येक सरकारी आस्थापनेत दिव्यांगांसाठी तक्रार निवारण अधिकारी नेमायचा असतो, कलम २३. तिथे अर्ज द्या, फार अपेक्षा न ठेवता. त्यानंतर पुण्याला, राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे. त्यांना चौकशीसाठी दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत: बोलावणं, कागद मागवणं. त्यांची शिफारस आली की कार्यालयाने तीन महिन्यांत कारवाई कळवायची, आणि मान्य नसेल तर कारणं द्यायची. इथे वकील पाहिजेच असं नाही, खर्च जवळपास नाही, आणि पुष्कळदा नुसत्या नोटिशीवर मुख्याधिकारी जागे होतात. पण ती शिफारस आहे. शिवाय २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जुन्या कायद्याखाली सांगितलंय की आयुक्तांना अंतरिम स्थगिती देता येत नाही. म्हणून निवृत्तीचा आदेश आजउद्या निघणार अशी चिन्हं असतील तर आयुक्तांच्या तारखांची वाट न बघता उच्च न्यायालयात रिट, म्हणजे हक्क डावलल्याची थेट याचिका, करा. तुम्ही सांगली-कोल्हापूरकडच्या असाल तर आता मुंबईच्या फेऱ्या नाहीत. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू आहे आणि सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गही त्याच्याकडे आहेत.

वकिलाच्या फीची काळजी तुमच्या पत्रात दोनदा आली आहे. विधी सेवा प्राधिकरण कायद्यात दिव्यांग व्यक्ती, स्त्रिया आणि मुलं यांना मोफत वकील मिळतो, उत्पन्नाचा दाखला न लावता. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं. उच्च न्यायालयासाठीही तिथूनच वाट दाखवतील.

खासगी कंपनीत असता तर? हे पत्र वाचणारे बरेचजण तिथलेच असतील, म्हणून थोडक्यात. कलम २० चं ते लोखंडी संरक्षण खासगी मालकाला तसं लागू नाही, हे गोड करून सांगण्यात अर्थ नाही. पण प्रत्येक आस्थापनेने समान संधी धोरण जाहीर करायचं असतं, आणि २० किंवा जास्त कर्मचारी असतील तर त्यात दिव्यांगांसाठीची पदं, सोयी, आणि संपर्क अधिकाऱ्याचं नाव असायला हवं. एचआरला ई-मेल करून ते धोरण मागा. बहुतेक ठिकाणी ते नसतं किंवा कुठून तरी उतरवलेलं असतं, आणि तिथून बोलणी सुरू होतात. पहिल्या उल्लंघनाला दंड दहा हजारांपर्यंत, त्यापुढे पन्नास हजार ते पाच लाख. मोठ्या कंपनीला दहा हजार म्हणजे चहाचं बिल, पण आयुक्तांची नोटीस मात्र त्यांना नको असते. चारचौघांत अपमान केला, ‘लंगड्या’ म्हणून खिजवलं, तर ते वेगळं: कलम ९२, सहा महिने ते पाच वर्षं कैद, आणि ते सरकारी-खासगी सगळ्यांना सारखं.

आता लेकीचं. तिची तारीख बोर्डाने ठरवलेली आहे, त्यामुळे इथे घड्याळ जास्त कठोर आहे.

शाळा म्हणते ती ४० टक्क्यांची अट आरक्षणासाठी आहे. उच्च शिक्षणातल्या ५ टक्के जागा, सरकारी नोकरीतल्या ४ टक्के, यांना ‘लक्षणीय दिव्यांगत्व’ म्हणजे ४० टक्के लागतात. परीक्षेतली सोय हे आरक्षण नाही. २०२१ मध्ये विकास कुमार यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे दोन स्वच्छ वेगळे केले. ते यूपीएससीला बसले होते, लिहिताना हाताला गोळे यायचे, लेखनिक, म्हणजे सांगितलेली उत्तरं लिहून घेणारा मदतनीस, नाकारला कारण टक्के भरत नव्हते. न्यायालय म्हणालं, लेखनिक ही वाजवी सोय आहे आणि तिला ४० टक्क्यांचं कुंपण घालता येत नाही. त्यानंतर ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्राने ४० टक्क्यांहून कमी पण लिहिण्यात अडचण असणाऱ्यांसाठी वेगळ्या मार्गदर्शक सूचना काढल्या. डिस्ग्राफिया तर विशिष्ट अध्ययन अक्षमता म्हणून थेट कायद्याच्या यादीत आहे, आणि कलम १७ मध्ये जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट ही उदाहरणं नावानिशी दिलेली आहेत.

त्यामुळे मुख्याध्यापकांना अर्ज द्या: सरकारी रुग्णालयाचा तपासणी अहवाल जोडा, कोणत्या सवलती हव्यात ते लिहा, आणि हा प्रस्ताव शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे पाठवावा अशी विनंती करा. मंजुरी देणं-नाकारणं हे मंडळाचं काम, शाळेचं काम प्रस्ताव पाठवण्याचं. शाळेने आपल्या टेबलावरच नकार देऊ नये. लेखनिक घेणार असाल तर तो आत्ताच शोधा, साधारण एक इयत्ता खालचा. आणि मुलीला त्याच्याबरोबर सराव करू द्या. तोंडाने उत्तर सांगणं ही वेगळी कला आहे. भूमितीची आकृती सांगून काढून घेणं तर फारच अवघड. लेखनिक मिळाला आणि मार्क कमी पडले, असं या सरावाअभावीच होतं. तिला लेखनिकापेक्षा जादा वेळच बरा वाटतो का, हेही तिलाच विचारा. केंद्राच्या २०१८ च्या सूचनांत तासाला किमान २० मिनिटं आहेत, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास.

घाई का करायची ते अवनी प्रकाश यांच्या प्रकरणावरून कळतं. डिस्ग्राफियाच, २०२१ ची वैद्यकीय प्रवेशाची ‘नीट’ परीक्षा. जादा तासाचा हक्क होता, केंद्रावर पेपर ओढून घेतला. सर्वोच्च न्यायालयाने परीक्षा यंत्रणेला खडसावलं, यंत्रणेची चूक झाली हे मान्य केलं. पण फेरपरीक्षा दिली नाही. यंत्रणेला एका आठवड्यात काय भरपाई करता येईल ते बघायला सांगितलं. परीक्षेनंतर मिळणारा न्याय असा असतो. परीक्षेच्या आधी तोच न्याय एका मंजुरीपत्राच्या रूपात मिळतो, आणि त्या पत्राची झेरॉक्स हॉलतिकिटाला टाचून प्रत्येक पेपरला नेता येते.

नोव्हेंबरपर्यंत मंडळाचं उत्तर आलं नाही तर विभागीय सचिवांना स्मरणपत्र आणि त्याची प्रत दिव्यांग आयुक्तांना. यजमानांचं प्रकरण तिथे गेलेलं असेलच, पण दोन्ही एका अर्जात घालू नका. वेगळे विषय, वेगळे प्रतिवादी, वेगळे क्रमांक.

आणि एक विचारायचं राहिलं. यजमानांनी सही केलेल्या त्या अर्जाची प्रत तुमच्याकडे आहे का? नसेल तर अर्ज मागे घेण्याच्या पत्राच्या शेवटी एक ओळ वाढवा: ‘सदर अर्जाची छायांकित प्रत मला देण्यात यावी.’ त्यावर तारीख कोणाच्या अक्षरात आहे, ते बघायचं आहे.